अॅक्टिव्हिटी : पाणी भरणे

परवा शनिवारी लायब्ररीत एक पोरगी मला म्हणाली, "मिस, माझ्याकडे लिहायला काहीच नाहीये," आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कॉमन अॅपचं, म्हणजे एकाच फॉर्मवर इथल्या बऱ्याच कॉलेजांना अर्ज करता येतो त्या वेबसाइटचं, अॅक्टिव्हिटीजचं पान. दहा रकाने, दहाही कोरे.

मी राउंड रॉकला, म्हणजे अमेरिकेत टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या शेजारी असते हे जुन्या वाचकांना माहीत आहेच, पण ह्या सप्टेंबरपासून दर शनिवारी सकाळी लायब्ररीत बारावीच्या पोरांना कॉलेजचे फॉर्म भरायला मदत करते हे लिहायचं राहून गेलं. ज्यांच्या घरातून कॉलेजला कधी कुणी गेलेलं नाही अशी पोरं येतात. खरं कारण सांगू का, माझा स्वतःचा मुलगा ह्याच वर्षी अप्लाय करतोय आणि तो मला त्याच्या निबंधाच्या जवळपास फिरकू देत नाही. मग म्हटलं ती खाज दुसऱ्यांच्या पोरांवर भागवू.

तर ते दहा रकाने. ह्यांचा मला इतका राग आहे ना. तुम्ही शाळेबाहेर काय काय केलंत ते लिहायचं आणि प्रत्येक गोष्टीला जागा किती, तर १५० कॅरॅक्टर्स. शब्द नाहीत हं, अक्षरं, आणि त्यातही मधली मोकळी जागा आणि स्वल्पविराम धरून. आपल्याकडे "आमचे येथे श्रीकृपेकरून" म्हणेपर्यंत त्यातली वीसेक संपतात. आणि लिहायची काय, तर स्वतःची स्तुती, स्वतःच्या तोंडाने, तीही क्रियापदापासून सुरुवात करून म्हणजे अक्षरं वाचतात. लीड केलं, फाउंड केलं, ऑर्गनाइझ केलं. आमच्या मुलाच्या शाळेत एका क्लबात चार पोरं आहेत, एक प्रेसिडेंट, दोन व्हाइस प्रेसिडेंट आणि एक ट्रेझरर. मेंबर कोणीच नाही! वर ६५० शब्दांचा निबंध आहेच, तू कोण आहेस ते सांग म्हणे. सतराव्या वर्षी. मला सत्तेचाळिसाव्या वर्षी विचारलं तरी मी चहा टाकायला उठेन.

आमचं बरं होतं. १९९८ ला बारावी, पीसीएमची म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सची टोटल, बोर्डावर यादी, त्यात नाव आहे किंवा नाही. कुणी विचारलं नाही की तुझी पॅशन काय. हे मी लायब्ररीत ज्या बाई सगळं बघतात त्यांना अभिमानाने सांगितलं होतं एकदा. तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झाल्यात. त्या फक्त "हं" म्हणाल्या.

त्याच बाई परवा आमच्या टेबलाशी आल्या, खुर्ची ओढली आणि त्या पोरीला विचारलं, शाळा सुटल्यावर काय करतेस? ती म्हणाली घरी जाते. मग? मग काही नाही, धाकट्या दोघा भावंडांना शाळेतून आणते, खायला करते, अभ्यास घेते, आई लोकांची घरं साफ करायला जाते ती आठला येते. आणि? आणि आईला इंग्लिश येत नाही तर डॉक्टरकडे, बँकेत मीच बोलते. शनिवार-रविवार बाबांच्या रूफिंगच्या कामाची बिलं मी बनवते. हे सगळं ती "काही नाही" मध्ये धरून सांगत होती.

बाईंनी लॅपटॉप घेतला, अॅक्टिव्हिटीचा प्रकार निवडायची यादी असते ती खाली खाली नेली आणि बोट ठेवलं. फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज. घरच्या जबाबदाऱ्या. छापील, अधिकृत, डिबेट आणि रोबॉटिक्सच्या रांगेत. पुढे आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे हेही विचारलेलं. पोरीने मनात हिशोब केला आणि हळूच विचारलं, पंचवीस तास लिहिले तर खोटं वाटेल का?

मी पाणी प्यायला उठून गेले.

कारण सोलापुरात आमच्याकडे नळाला तीन दिवसांनी पाणी यायचं, आणि ते पहाटे कधीतरी. बारावीच्या वर्षीसुद्धा मी साडेतीनला उठून हंडे भरलेत, वर दुसऱ्या मजल्यावर नेलेत, आणि मग फिजिक्स. ते कुठल्या रकान्यात होतं? आणि मी तरी सुखात, माझ्या बाकावर जी बसायची ती घरी जाऊन आईबरोबर विड्या वळायची. हजाराच्या हिशोबाने पैसे मिळायचे. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती, अगदी सरळ सांगते. दहावीला तिला माझ्याहून अकरा मार्क कमी पडले आणि आम्ही सगळ्यांनी मान्य करून टाकलं की ती माझ्याहून अकरा मार्कांनी कमी आहे. यादी म्हणजे यादी.

आता लगेच म्हणू नका की बघा, अमेरिकेची बाजू घ्यायला लागली. ज्या पोरांच्या आईबापांकडे पैसा आहे ती इथे निबंधासाठी कौन्सेलर लावतात, आमच्या देसी व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचे रेट ऐकून घेरी येते. आम्ही नाही लावला. म्हणजे तीन तासांचंच पॅकेज घेतलं, कॉलेजांची यादी बनवण्यापुरतं, आणि तेही सगळेच घेतात.

आणि मार्कांची यादी टेक्ससमध्येही आहे बरं का. १९९६ मध्ये कोर्टाने इथल्या प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, त्यानंतर १९९७ मध्ये कायदा आला की प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश. शाळा कुठली का असेना. यूटी ऑस्टिनला, म्हणजे ऑस्टिनमधल्या सरकारी युनिव्हर्सिटीला, इतकी गर्दी झाली की त्यांच्यापुरतं ते कमी होत होत आता पाच टक्क्यांवर आलंय. ती पोरगी तिच्या शाळेत त्या पाचात बसते. माझा मुलगा नाही बसत. त्याच्या शाळेत नव्वदच्या वरची पोरं ढिगाने आहेत, तो तिच्या शाळेत असता तर आरामात... हे वाक्य मी गाडीत मोठ्याने बोलले आणि नवऱ्याने रेडिओचा आवाज वाढवला.

घरी आल्यावर मुलाला विचारलं, तुझ्या फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीजमध्ये काय आहे रे? तो म्हणाला, "काही नाही. तूच म्हणतेस ना, तू अभ्यास कर, बाकी मी बघते." बरोबर आहे. मीच म्हणते. हंडे भरायला लागू नयेत म्हणूनच तर इथवर आलो की नाही? डिशवॉशर लावायला सांगितलं तरी मला वाईट वाटतं. तरी त्या रात्री सांगितलं, आणि त्याने कप उलटे ठेवायचे ते सुलटे ठेवले.

रविवारी आईला फोन केला तेव्हा त्या विड्यावाल्या मैत्रिणीचं विचारलं. आई म्हणाली, "अगं तिची मुलगी यंदा बारावीला आहे. सीईटी देणारे. परवाच भेटली बाजारात, विचारत होती, फॉर्मचं कुणाला विचारावं. तू तिकडे लोकांचे फॉर्म भरतेस ना, मग तिला सांग की काहीतरी."

आता मला कॅप राउंडमधलं, म्हणजे सीईटीनंतरच्या त्या प्रवेशाच्या फेऱ्यांमधलं, ओ की ठो कळत नाही. ऑप्शन फॉर्म म्हणजे काय, फ्रीझ म्हणजे काय. नंबर घेऊन ठेवलाय. पुतण्याला मेसेज टाकलाय, तो गेल्या वर्षी त्यातून गेलाय, त्याचं उत्तर आलं की फोन करते.