मेमरीच्या मॅन्युअलमधलं एक वाक्य आणि अडून राहिलेली मंजुरी – माझा अनुभव

डॉक्युमेंटेशनचा रिव्ह्यू म्हणजे स्पेलिंग बघायचं आणि ओके दाबायचं, असं आमच्याकडे मंजुरी देणाऱ्या टेबलावर अजून मानतात. त्यापायी एक वाक्य बदलायला सगळा पावसाळा गेला. राग अजून गेलेला नाही म्हणूनच लिहितोय, आणि दुसऱ्या कुणाला हेच काम आलं तर त्याचे हाल थोडे कमी व्हावेत म्हणूनही.

मी गोव्यात पर्वरीला एका कंपनीत आहे. हॉटेलांच्या बिलिंगसाठी लिनक्सवर चालणारे छोटे बॉक्स आम्ही देतो, 4 जीबी रॅम, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही. सोबत मॅन्युअल असतं आणि त्यात मेमरी वाटपाच्या धोरणांवर एक प्रकरण आहे. ते वाचतात फील्डवरची मुलं, हरमल-मोरजीपासून खाली काणकोणपर्यंत फिरणारी. रात्री हॉटेलातून फोन आला की हेच पान उघडून सेटिंग बदलतात, म्हणून तिथलं प्रत्येक वाक्य खरं असायलाच पाहिजे.

यंदा ते प्रकरण आमच्या टीममधल्या एका नवीन मुलीने दुरुस्त केलं, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेली, आणि रिव्ह्यू माझ्याकडे आला. बहुतेक बदल सरळ होते. नूमाचा, म्हणजे मेमरी अनेक गटांत (नोडमध्ये) विभागलेल्या मशीनचा भाग तिने काढून टाकला होता, आमच्या बॉक्सला मेमरीचा एकच नोड, कुठल्या नोडवरून मेमरी घ्यायची ते ठरवणारे बाइंड आणि इंटरलीव्ह वाचून कुणाचं काय भलं होणार, लगेच ओके केलं. टेबलं स्फिंक्स या डॉक्युमेंटेशनच्या टूलवर बिल्ड करून बघितली, नीट आली.

मग तिने ओव्हरकमिटच्या पानावर बोट ठेवलं, "दादा, हें वाक्य चुकीचें दिसता."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फक्त हो म्हणतो, मेमरीचा खरा तुकडा मिळतो तो प्रोग्राम तिथे पहिल्यांदा लिहितो तेव्हा. त्यामुळे असलेल्या रॅमपेक्षा जास्तीची वचनं देता येतात, यालाच ओव्हरकमिट म्हणतात. ओव्हरकमिट मेमरी या सेटिंगचे तीन मोड आहेत, 0 म्हणजे अंदाजाने, 1 म्हणजे कायम हो, 2 म्हणजे हिशेब ठेवून मर्यादेबाहेर नाही. नवीन बॉक्स 0 वरच येतो. आणि आमच्या मॅन्युअलात 0 बद्दल लिहिलेलं की कर्नल शिल्लक मोकळ्या मेमरीचा अंदाज घेतो आणि मगच देतो.

पूर्वी ते बरोबर होतं. 2019 मध्ये कर्नलमधला तो अंदाजाचा हिशेब काढून टाकला, कारण देता येण्यासारखी मेमरीही उगाच नाकारली जायची. आता मोड 0 मध्ये एकच गोष्ट बघतात, ही एक मागणी एकूण रॅम अधिक स्वॅप यापेक्षा मोठी आहे का. मोठी असेल तर नाही, नसेल तर हो. मोकळी किती आहे, आधी किती वचनं दिलीत, काही बघत नाही. जुनं वाक्य वाचून फील्डवरचा मुलगा समजतो की कर्नल सांभाळून घेतोय, आणि सीझनमध्ये ऐन गर्दीत ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) बिलिंगची प्रोसेस मारतो.

मी रिव्ह्यूला सही केली आणि फाईल मंजुरीच्या टेबलावर गेली, तिथेच अडली. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, मूळ मजकूर लिहिणाऱ्याची संमती, आणि तो भरल्याशिवाय पुढे जातच नाही. मूळ मजकूर लिहिणारा माणूस कंपनी सोडून गेलेला. मी तसं लिहिलं तर फाईल परत, शेरा "संमती जोडावी". टीम लीडरची संमती जोडली तर परत, कारण लीडर मूळ लेखक नाही. मी वर जाऊन विचारलं की साहेब, जो माणूस इथे नाही त्याची सही मी आणू कुठून, तर म्हणे मग जुनंच राहू दे, इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही. कुणाच्या तक्रारी आल्या नाहीत हे खरंच नव्हतं, बॉक्स आपोआप रीस्टार्ट होतो या नावाने त्या सपोर्टकडे पडून होत्या आणि त्यांचा या वाक्याशी संबंध कुणी लावला नव्हता.

मग खरा त्रास सुरू झाला. साहेबांनी आमच्या बॉक्सवरच्या कर्नलसोबत येणारा दस्तऐवज उघडून दाखवला, आणि त्यात आमचंच जुनं वाक्य होतं! कोड बदलला 2019 ला, पण कर्नलच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर ते वाक्य पुढेही काही काळ तसंच राहिलेलं. मी नव्या कर्नलचं पान दाखवलं, तिथे सरळ लिहिलंय की मागणीची तुलना एकूण मेमरी अधिक स्वॅपशी होते. तर उत्तर, ते नव्या कर्नलचं झालं, आपला जुना आहे. म्हणजे छापलेलं वाक्य खरं आणि चालणारा कोड खोटा, असंच त्यांचं म्हणणं झालं. बाहेर पाऊस, लाईट जातेय येतेय, आणि मी चुकीचं वाक्य चुकीचं आहे हे पटवत उभा. इतका वैताग मला प्रॉडक्शनमधल्या बगने कधी दिलेला नाही.

शेवटी सुटलं ते त्या मुलीमुळे, अभिमान वाटतो. तिने एक छोटा सी प्रोग्राम लिहिला आणि आमच्याच बॉक्सवर, त्यांच्यासमोर चालवला. मोड 0. एकदम 5 जीबी मागितली, नाकारली. मग 3 जीबी, परत 3, परत 3, तिन्ही वेळा मिळाली, 4 जीबीच्या बॉक्सवर 9 जीबी, कशालाही हात न लावता. शेजारच्या विंडोत मेमइन्फो, म्हणजे कर्नलची मेमरीचे आकडे दाखवणारी फाईल, उघडी होती, कमिटेड एएस (आतापर्यंत दिलेली वचनं) 9 जीबीच्या वर आणि कमिट लिमिट (वचनांची मर्यादा) जेमतेम 2. साहेब गप्प बसून बघत राहिले. सोबत मी आमच्याच सोर्समधल्या, एमएम फोल्डरच्या युटिल डॉट सी फाईलमधल्या त्या दोन-तीन ओळी प्रिंट काढून जोडल्या, आणि संमतीच्या रकान्यात "लेखक उपलब्ध नाही, पुरावा जोडला" असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. मला एवढा मोकळा श्वास बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

तेव्हा असा रिव्ह्यू आला तर आधी प्रोग्राम चालवा, वाद नंतर. आणि नव्या कर्नलचं पान पुरावा म्हणून देऊ नका, जो कर्नल बॉक्सवर आहे त्याचाच कोड द्या, हे मला आधी सुचलं असतं तर निम्मं भांडण वाचलं असतं.

हो, ते कमिट लिमिट बघून घाबरणारेही असतात. ती मर्यादा फक्त मोड 2 मध्ये लागू होते, 0 मध्ये कमिटेड एएस तिच्या वर गेलं तरी काही बिघडलेलं नसतं, हे पानावर त्या आकड्याशेजारीच लिहा, तळटीपेत नको. ती 2 जीबी येते ती ओव्हरकमिट रेशो (मर्यादेत रॅमचे किती टक्के धरायचे ते सांगणारी सेटिंग) मुळात 50 असल्यामुळे, स्वॅप नसेल तर अर्धी रॅमच मोजली जाते. म्हणून "सुरक्षित म्हणून 2 करा" असा सल्ला कुणी पानात घातला तर रिव्ह्यूत अडवाच. डेटाबेसांपैकी पोस्टग्रेसवाले 2 सुचवतात, रेडिसवाले 1 मागतात, आणि आमच्या बॉक्सवर हे दोन्ही डेटाबेस आहेत. रेशोऐवजी मर्यादेचा आकडा थेट केबीमध्ये दिला तर रेशो 0 दिसायला लागतो, तेही लिहा, नाहीतर त्यावरूनही फोन येतात.

मोड 2 चं पान आता रिव्ह्यूला आलंय. पहिली कॉमेंट टाकली, चाचणीचा प्रोग्राम आणि त्याचं आउटपुट सोबत जोडा, त्याशिवाय मी सही करणार नाही.