तिमोर-लेस्ते: 18 किलोमीटरचा तो फाटा

तिमोर-लेस्तेच्या राजधानीत, म्हणजे दिली शहरात, गाडी ठरवताना कुणी ‘एस्ट्राडा दियाक’ म्हणालं, म्हणजे रस्ता चांगला आहे असं सांगितलं, तर पुढचा प्रश्न लगेच विचारा: कुठपर्यंत? हा प्रश्न आम्ही विचारला नाही. त्यापायी 130 डॉलर गेले, एक अख्खा दिवस गेला आणि माझा मावसभाऊ दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, कारण गाडी मी ठरवली होती.

आम्ही दोघं ऑगस्टमध्ये गेलो होतो. दोघांच्याही पायाखालून सह्याद्री बऱ्यापैकी गेलेला आहे, त्यामुळे डोंगर कसा चढायचा ते इथे लिहीत नाही. रतनगड किंवा साल्हेर आरामात होत असेल तर तिमोरमधलं सर्वोच्च शिखर रामेलाउ तुम्हाला जड जाणार नाही. जड जातं ते त्याच्या पायथ्याच्या गावी पोचणं. दिली ते मौबिस्से हे जवळपास 70 किलोमीटरचं अंतर तीन तासांत सुखरूप पार पडतं. डांबर आहे, कठडे आहेत, वळणं आपल्या वरंध घाटासारखी आहेत. मौबिस्सेहून आइनारोकडे जाताना एका खिंडीनंतर उजवीकडे हातुबुइलिको या पायथ्याच्या गावाचा फाटा लागतो. तिथून गाव 18 किलोमीटर. या 18 किलोमीटरला आम्हाला साडेतीन तास लागले, आणि त्यात पहिले चार किलोमीटर सोडले तर आमची भाड्याची गाडी नव्हतीच.

दिलीतल्या एका एजंटकडे (नाव लिहीत नाही) आम्ही दिवसाला 130 डॉलर भाड्याने ड्रायव्हर आणि पेट्रोलसकट फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, ठरवली. सकाळी दारात आली ती इंडोनेशियन बनावटीची सात आसनी, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. ‘हीच जाते, रोज जाते.’ आम्ही बसलो, चूक तिथेच झाली. फाट्यापासून चार किलोमीटरवर एक मोरी वाहून गेली होती. तिथे दगड टाकून केलेल्या उतारावर गाडीचं पोट टेकलं. खाली उतरून ढकलली, पुन्हा टेकली. मग ड्रायव्हरने फोन लावला आणि सांगितलं की वरच्या गावातून पिकअप येईल, त्याचे वेगळे 80 डॉलर. म्हणजे ज्या वाहनाचे पैसे आम्ही आधीच दिले होते, तेच वाहन पुन्हा विकत घ्यायचं.

‘ताई, उतर. सॅक घे, चालतच जाऊ,’ भाऊ म्हणाला. 14 किलोमीटर, 1,900 मीटरच्या आसपासची उंची, पाठीवर 12 किलो. चालण्यासारखं होतं. ज्याला ज्याला विचारलं तो ‘बेसिक’ म्हणायचा. तेतुम या इथल्या भाषेत बेसिक म्हणजे जवळ. अर्धा तास चाललो, दुसऱ्याला विचारलं, तरीही बेसिकच. पाऊण तासाने मागून आंगुना आली. आंगुना म्हणजे इथले उघडे ट्रक, फळ्यांची बाकं टाकलेले. माणसं, डुकरं, सिमेंट, भाजी सगळं त्यातूनच जातं. आम्हाला व्हिएतनामच्या तांदळाच्या पोत्यांवर जागा मिळाली. माणशी 2 डॉलर. गावापर्यंत.

माझा निकाल सरळ आहे. रामेलाउला दिलीहून गाडी करू नका. बसने मौबिस्सेला जा, रात्री तिथे राहा, सकाळी आंगुना पकडा. पाच-सहा जण असाल तरच मौबिस्सेमध्येच, चारही चाकांना जोर मिळतो ना हे स्वतः पाहून, पिकअप ठरवा. दिलीत मोटरसायकल भाड्याने मिळते, पण कच्च्या घसाऱ्यावर दुचाकी चालवायची सवय असेल तरच घ्या. पंक्चर काढायचं सामान आपलंच हवं. वर पेट्रोल पंप नाही, रस्त्याकडेला बाटल्यांत भरून ठेवलेलं पेट्रोल मिळतं आणि ते महाग असतं.

हा रस्ता असा का, हे कळल्यावर राग थोडा उतरला. आपला सह्याद्री बसाल्टचा, कातळ एकदा कोरला की बसतो. तिमोर ज्वालामुखीचं बेट नाही. ऑस्ट्रेलियाचा भूखंड उत्तरेकडे सरकत येतो आणि त्याच्या कडेला चुरगळून वर आलेली ही जमीन आहे. अजूनही वर येते आहे; बाउकाउजवळ समुद्राचं जुनं प्रवाळ पायऱ्यापायऱ्यांनी डोंगरावर चढलेलं दिसतं. फाट्यावरचा खडक हाताने पापुद्रे काढावेत तसा सुटत होता. बेटावर बऱ्याच ठिकाणी, विशेषतः दक्षिणेच्या उतारांवर, एक चिकणमाती आहे, तिला भूशास्त्रज्ञ बोबोनारो चिकणमाती म्हणतात. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचा रस्ता घेऊन खाली सरकते. डोंगराकडच्या बाजूचं गटार तुंबलं की पाणी रस्त्यावरून वाहतं, मग मोरी जाते, मग कडा जाते. डांबर ओतायला पैसा लागतो, पण दर पावसाळ्याआधी गटार उपसायला माणूस लागतो. आम्ही पाहिलेल्या 18 किलोमीटरमध्ये एकही गटार मोकळं नव्हतं.

आणि पैसा? पैसा या देशाकडे आहे, म्हणून तर जास्त त्रास झाला. तिमोर-लेस्ते म्हणजे सुमारे 15,000 चौरस किलोमीटर, आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडासा कमी, आणि 2022 च्या जनगणनेत 13 लाखांवर माणसं. 1999 च्या सार्वमतात 78.5 टक्के लोकांनी इंडोनेशियापासून वेगळं व्हायचं ठरवलं आणि त्यानंतरच्या जाळपोळीत देशातल्या बहुतेक इमारती आणि यंत्रणा उद्ध्वस्त झाल्या. 20 मे 2002 ला स्वातंत्र्य. समुद्रातल्या बायू-उंदान क्षेत्राच्या तेल-वायूचा पैसा 2005 मध्ये काढलेल्या पेट्रोलियम फंडात साठत गेला, आज तो 18 अब्ज डॉलरच्या आसपास आहे. सरकारी खर्चाचा मोठा भाग याच फंडातून निघतो. बायू-उंदान आटलं. पुढचं ग्रेटर सनराइझ क्षेत्र कधी सुरू होणार आणि त्याची पाइपलाइन तिमोरला येणार की ऑस्ट्रेलियाला, यावर वर्षानुवर्षं वाटाघाटी चालू आहेत.

त्याच पैशाचा रस्ता आम्ही चार दिवसांनी पाहिला. रामेलाउहून उतरून आइनारोमार्गे दक्षिणेला गेलो, खडबडीत रस्त्याने झुमालाईपर्यंत. तिथून पुढे अचानक चौपदरी महामार्ग सुरू होतो, मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना कुंपण. सुआईपर्यंत 30 किलोमीटर, 2018 मध्ये खुला झालेला, सुमारे 30 कोटी डॉलर खर्चून. दक्षिण किनाऱ्यावर तेल शुद्धीकरण, वायू प्रकल्प आणि पुरवठा बंदर उभारायची तासी माने नावाची योजना आहे, तिच्यासाठी हा बांधला. प्रकल्प आलेले नाहीत. आम्ही सुआईच्या टोकाला झाडाखाली 40 मिनिटं बसलो होतो; दोन्ही दिशांनी मिळून 11 वाहनं गेली, त्यातल्या सात मोटरसायकली. पोत्यांवर बसून केलेला तो फाट्याचा रस्ता मणक्यात ताजा होता. एका किलोमीटरला एक कोटी डॉलर इथे, आणि तिथे एक मोरी बांधायला कुणी नाही. मला तिथे रडू आलं, खरंच सांगते. त्या आंगुनात एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती, परत येताना तिला तोच फाट्याचा रस्ता होता.

देश महाग का आहे, हेही याच्यातच आहे. चलन अमेरिकन डॉलर. स्वतःची फक्त नाणी, सेंतावो. संयुक्त राष्ट्रांची पथकं आली त्या वर्षांत दिलीतली भाडी आणि हॉटेलं परदेशी पगाराच्या मापाने वाढली, ती खाली आली नाहीत. तांदूळ, बाटलीबंद पाणी, बिस्किटं, टायर सगळं बाहेरून येतं. देशात पिकून बाहेर जातं ते मुख्यतः कॉफी. इंडोनेशियातून बाली उरकून ‘पुढे जरा जाऊन येऊ’ म्हणणाऱ्यांनी हिशेब दुप्पट करून ठेवावा.

कॉफीबद्दल एवढंच सांगते की मौबिस्सेच्या उतारांवर सावलीच्या उंच झाडांखाली ती वाढते, आणि चिकमंगळूर-कोडगूच्या कॉफीशी तिचं रक्ताचं नातं आहे. तिमोरमध्ये अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन प्रकारांचा आपोआप झालेला एक संकर 1920 च्या दशकात सापडला, तांबेऱ्याला, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाला, दाद न देणारा. जगभरच्या संशोधकांनी तो वापरला. आपल्याकडच्या कावेरी आणि चंद्रगिरी या जातींमध्ये त्याचाच वंश आहे. फाट्यावरच्या टपरीत 25 सेंतावोला प्यायलेली कॉफी या प्रवासातली सर्वोत्तम.

आता शिखर. हातुबुइलिकोत घरगुती मुक्काम, जेवणासकट माणशी 20 डॉलर दिले. पांघरूण अपुरं, स्लीपिंग बॅग न्याच. पहाटे पावणेतीनला निघालो, सोबत गावातला मुलगा, 15 डॉलर. वाट मळलेली आहे, पण अंधारात पहिला फाटा चुकतो, म्हणून वाटाड्या घ्या आणि त्याच्याशी भाव करू नका. निलगिरीची उंच झाडं संपली की मोकळं गवताळ रान लागतं, मधे उघड्यावरचं प्रार्थनास्थळ आहे, तिथे वाऱ्याचा मार सुरू होतो. बोटं बधिर झाली होती. सहा वाजता माथ्यावर, मेरीच्या पुतळ्यापाशी. उंची तीन हजार मीटरला थोडी कमी. उजाडलं आणि एका बाजूला उत्तरेचा समुद्र, दुसऱ्या बाजूला दक्षिणेचा, मधे सगळा देश ढगांतून वर आलेला. भाऊ दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलला, ‘ताई, परत येऊ.’ मी इथे ओरडून सांगते, जा. गुडघा दुखत असेल तरी जा, आठ दिवसांची रजा नसेल तर पाच दिवसांत जा, बाकी सगळं सोडा आणि हे करा.

अताउरो बेटावर तीन दिवस होतो, प्रवाळ सुंदर आहे, सगळं सुरळीत झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दिलीतल्या टॅक्सीवाल्यांबद्दल मात्र लिहिते. मीटर नव्हता. विमानतळावरून शहरात यायला आमच्याकडे 20 डॉलर मागितले, परतताना तेच अंतर 5 डॉलरमध्ये झालं. विमानतळाच्या फाटकाबाहेर पाच मिनिटं चालत या, मुख्य रस्त्यावर मिक्रोलेत, म्हणजे छोटी बस, मिळते, 25 सेंतावो, कुठेही उतरायचं तर नाण्याने वरच्या दांडीवर टकटक करा. ‘मालाए’ म्हणजे परदेशी. ही हाक शिवी नाही, पण भाव त्या शब्दानंतर वाढतो. ‘हिरा?’ म्हणजे किती, ‘कारुन’ म्हणजे महाग. हे दोन शब्द आले की निम्मं काम होतं. गोवेकरांना आणि आपल्यालाही काही शब्द आपोआप कळतील: किल्लीला शावी, साबणाला साबाउं, पावाला पाउं. एकेकाळी तिमोरचा पोर्तुगीज कारभार गोव्याहून चालायचा, पण शब्द दोन्हीकडे लिस्बनचेच.

व्हिसा दिली विमानतळावर उतरल्यावर मिळतो, 30 डॉलर, रोख. इंडोनेशियातल्या कुपांगहून जमिनीच्या सीमेवरून जायचं असेल तर भारतीयांना आधी मंजुरीचं पत्र लागतं, ते नसताना बस पकडू नका. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या न्या. आमची एक घडी पडलेली 50 ची नोट तीन दुकानांनी परत केली. पुण्यात नोटा घेताना एक, पाच आणि दहाच्या भरपूर मागून घ्या, डोंगरात शंभरचे सुटे कुणाकडे नसतात. एटीएम दिलीत आणि मोजक्या जिल्ह्यांच्या गावी. नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल पावसाळा, त्यात हा फाटा बंद समजा. दक्षिण किनाऱ्यावर पाऊस त्यानंतरही रेंगाळतो. दक्षिणेकडे आणि नद्यांच्या मुखाशी समुद्रात उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, लोक त्यांना आजोबा मानतात आणि मारत नाहीत.

एजंटला दिलेले 130 डॉलर परत मिळाले नाहीत. परतल्यावर गेलो, तो म्हणाला गाडी फाट्यापर्यंत पोचली होती, करार तेवढाच होता. कागदावर काही नव्हतं. गाडी करायचीच असेल तर कागदावर गावाचं नाव लिहून घ्या, ‘रामेलाउ’ असं मोघम नको, ‘हातुबुइलिको, चर्चसमोर’ असं. निम्मे पैसे तिथे पोचल्यावर द्या.

आंगुना मौबिस्सेच्या बाजारातून सकाळी सात ते नऊच्या दरम्यान सुटते, भरली की निघते, वेळापत्रक नाही. परतीची हातुबुइलिकोतून पहाटे साडेपाचला निघते, म्हणजे शिखर करून त्याच दिवशी ती मिळत नाही. दोन रात्री धरूनच जा. पोत्यांच्या ढिगावर डाव्या कडेला बसा. उजवीकडे झाडांच्या फांद्या तोंडावर येतात.