पोर्ट लुईसला एकच दिवस: लांबचं आधी, धक्क्याजवळचं शेवटी

हिंदी महासागरातल्या क्रूझ बोटी मॉरिशसला येतात त्या मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. बोट सकाळी आठला पोर्ट लुईसच्या धक्क्याला लागते आणि संध्याकाळी सहाला सुटते. कागदावर दहा तास दिसतात, पण कागदपत्रांची तपासणी होऊन शिडी खुली होईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि परत चढायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. हातात खरे सव्वाआठ ते नऊ तास. त्यात काय पाहायचं यापेक्षा कुठल्या क्रमाने पाहायचं हे महत्त्वाचं.

बरेच जण उतरतात, समोरच्या कोदाँ वॉटरफ्रंटच्या दुकानांत रमतात, बाजार करतात आणि जेवून दोनला समुद्रकिनाऱ्याकडे निघतात. हा क्रम नेमका उलटा आहे. दुपारी साडेतीननंतर शाळा आणि कचेऱ्या सुटतात, आणि पोर्ट लुईसच्या आजूबाजूचे रस्ते तुंबतात. तुम्ही किनाऱ्यावर आणि बोट त्या गर्दीच्या पलीकडे. म्हणून लांबचं आधी उरकायचं. परत यायला उशीर झाला तर बाजार हुकेल, बोट नाही. शिवाय तिथलं दुपारचं ऊन कोकणातल्या मेच्या उन्हासारखं असतं. पोहायला सकाळचे दोन तासच बरे.

लांबचं म्हणजे किती लांब, तर उत्तरेकडचा त्रू-ओ-बीशचा किनारा, साधारण वीस किलोमीटर. शामारेलची सात रंगांची माती नैर्ऋत्येच्या टोकाला आहे, एका बाजूला दीड तास धरा. ईल-ओ-सेर्फ बेटाला आधी पूर्व किनारा गाठायचा आणि मग होडी. गंगा तलाव आणि तिथली १०८ फुटी शंकराची मूर्ती पाहायचा मोह आपल्या लोकांना हमखास होतो, पण मग बाकीचा दिवस गाडीतच जातो. या तिन्ही जागा मुक्कामाच्या आहेत, एका दिवसाच्या नव्हेत.

जायचं कसं? टॅक्सी मीटरवर चालत नाहीत. धक्क्याच्या फाटकाशी भाव युरोत सांगतात. तो मॉरिशसच्या रुपयात ठरवा आणि बसण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: पूर्ण फेरीचे पैसे गाडीमागे की माणशी, थांबून राहायचे वेगळे की त्यातच, आणि वाटेत एकही दुकान नको. तिसरी अट विसरलात, तर जहाजांच्या लाकडी प्रतिकृती किंवा कपडे विकणाऱ्या दुकानात अर्धा तास गेलाच समजा; चालकाला तिथे कमिशन मिळतं. पैसे शेवटी, धक्क्यावर परतल्यावर द्यायचे. चौघं असाल तर टॅक्सी परवडते.

एकटे-दुकटे असाल तर बस. उत्तरेकडच्या बस इमिग्रेशन स्क्वेअरच्या बाजूने सुटतात. व्हिक्टोरिया स्टँडवर जाऊ नका, तिथून दक्षिण आणि पश्चिमेच्या सुटतात. तिकीट कंडक्टर देतो, त्यासाठी सुटे रुपये हवेत; ते कोदाँतल्या एटीएमच्या नोटा आधी कुठेतरी मोडून मिळवावे लागतात. (या नोटांवर देवनागरीही आहे, जरूर बघा.) बसने किनारा किंवा पाम्प्लेमूसची वनस्पती बाग यांपैकी एकच धरा, कारण दोन्हींना जोडणारी सोयीची गाडी मिळेलच असं नाही.

त्रू-ओ-बीशला बाहेर प्रवाळांची रांग आहे. लाटा तिच्यावरच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. पोहता न येणाऱ्यालाही कमरेइतक्या पाण्यात सुखाने उभं राहता येतं. पण पायात रबरी बूट हवेतच. वाळूत प्रवाळाचे धारदार तुकडे असतात, खडकांच्या फटींत काळे काटेरी समुद्री साळू, आणि क्वचित दगडमासा. हा हुबेहूब दगडासारखा दिसतो, पाठीवरच्या काट्यांत विष असतं. चुकून पाय पडला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा, त्याने वेदना उतरतात, आणि तसंच थेट दवाखाना गाठायचा. सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडांची सावली फुकट आहे, खुर्ची भाड्याने घ्यायची गरज नाही. साडेअकराला पाण्याबाहेर या.

परतीच्या वाटेवर पाम्प्लेमूस. इथली गर्द झाडी भर दुपारी उपयोगी पडते. कडा वर वळलेल्या, परातीएवढ्या पानांच्या महाकमळांचं तळं बहुतेकांना फोटोतून माहीत असतं. त्याचं फूल पहिल्या दिवशी पांढरं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, तेव्हा दोन्ही रंग एकदम दिसले तर ती दोन वेगळ्या जातींची फुलं नव्हेत. तालीपोट ताड आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो. तळ्याकाठी डास चिक्कार, क्रीम आधीच चोळा. एक तास पुरे.

एकच्या सुमाराला पोर्ट लुईस. जेवण म्हणजे दालपुरी, आणि ती हातगाडीवरचीच. दुपार कलली की गाड्यांवरचा माल संपतो. दालपुरी म्हणजे गूळ-वेलची नसलेली पुरणपोळीच म्हणा ना: उकडून वाटलेली चणाडाळ आत भरून पातळ लाटलेली, मऊ, फिकट पिवळी. ती नेहमी जोडीने देतात. दोन पोळ्या एकावर एक, मध्ये पावट्यासारख्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याची आमटी, टोमॅटोचा रुगाय आणि हिरवी चटणी, वर कागदात गुंडाळी. विक्रेता ‘पिमाँ?’ विचारतो, म्हणजे मिरची घालू का. आपल्याला वाटतं आपण कोल्हापूरचे. पहिल्या जोडीला थोडीशीच घ्या. कागद खालून घट्ट धरला नाही तर आमटी कोपरापर्यंत ओघळते. वरून बाजारातला आलूदा प्यावा: थंड दूध, सब्जा, अगर-अगरचे तुकडे. आपल्या फालुद्याचाच भाऊबंद, फक्त शेवयांशिवाय.

मग आप्रवासी घाट, बाजारापासून चालत काही मिनिटांवर. प्रवेश फुकट. साखरेच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले गिरमिटिया मजूर इथे उतरायचे. पहिली तुकडी ३६ जणांची, ‘अॅटलस’ जहाजातून २ नोव्हेंबर १८३४ला आली. ही इमारत १८४९ची. १९२०पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं आली. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. जागा अपेक्षेपेक्षा फार लहान वाटते, कारण रस्त्यांच्या कामात बराच भाग गेला. खरं पाहायचं ते पाण्याकडून वर येणाऱ्या सोळा काळ्या दगडी पायऱ्या. आजचा धक्का पुढे सरकल्यामुळे त्या समुद्रापासून तुटल्यासारख्या दिसतात, म्हणून आधी शेजारच्या माहिती केंद्रातला जुना नकाशा पाहा आणि मग पायऱ्यांशी या. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं यायची. रत्नागिरीकडची, सह्याद्रीच्या घाटावरची माणसं अशीच आली आणि त्यांच्या वंशजांत गणपती अजून बसतो. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. माझ्या मते दिवसातला सगळ्यात मोलाचा पाऊण तास हाच.

वेळ उरलाच तर कोदाँतलं ब्लू पेनी म्युझियम. १८४७च्या दोन दुर्मीळ टपाल तिकिटांवर, रंग उडू नये म्हणून, दर तासाला मोजकीच मिनिटं दिवा लागतो. पुढची वेळ दारात विचारूनच तिकीट काढा, नाहीतर नकला पाहून परताल.

हा क्रम शनिवारी उलटा करावा लागतो, कारण घाट दुपारीच बंद होतो. रविवारी घाट आणि म्युझियम दोन्ही बंद, बाजारही सकाळीच आटोपतो. सरळ किनाऱ्यावर दिवस काढा. महाशिवरात्रीच्या आधीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांतले कावडवाले भाविक गंगा तलावाकडे चालत निघतात, तेव्हा रस्त्याला नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ धरा. आणि हाच हंगाम चक्रीवादळांचा. इशाऱ्याचे चार टप्पे असतात. तिसरा लागला की बस बंद होतात, पण बहुधा त्याआधीच कप्तान बंदर वगळतो.

घड्याळाचा घोळ मात्र दरवेळी कुणाचा तरी होतो. मॉरिशस भारताच्या दीड तास मागे आहे. काही बोटी स्वतःची वेळ पाळतात, आणि फोन किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ पकडतो. उतरताना शिडीवरच्या पाटीचा फोटो काढा आणि मनगटावरचं घड्याळ बोटीच्या वेळेला लावा.

बाजारातून न्यायचं ते आशार, म्हणजे तिथलं मोहरी-हळदीचं भाज्यांचं लोणचं. सुट्टं घेऊ नका. फळं आणि उघडे खाद्यपदार्थ बोटीच्या तपासणीत काढून घेतात. कारखान्यात सील केलेली बाटली चालते, पण झाकणाला चिकटपट्टी लावून दोन पिशव्यांत घालायची. तेल झिरपतंच.