बीप, बाई आणि नवले पुलाचा उतार

गाडी घेताना शोरूममधला मुलगा कौतुकानं सांगत होता, "मॅडम, पुढं धोका असला की ही स्वतः सांगते." मी ह्यांच्याकडं पाहिलं. डावीकडं बसून नसलेला ब्रेक दाबायचं काम हे लग्नापासून करत आलेत, म्हणजे आमच्याकडं ही सोय होतीच.

आता सवय झाल्यावर माझं मत असं झालंय, की गाडीचं बीप वाजणं वेगळं आणि रस्ता सांगणाऱ्या अ‍ॅपमधल्या बाईचं बोलणं वेगळं. दोन्हींची कामं वेगळी आहेत, आणि बनवणाऱ्यांनी त्यात घोळ घातलाय.

वेगाची बीप घ्या. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची आहे. ८० ओलांडले की अधूनमधून, १२० च्या वर सलग. आता मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला १०० ची परवानगी! म्हणजे कायद्यानं चालणाऱ्या माणसालाही गाडी टोकतच राहणार. दुसऱ्या आठवड्यात कान बधिर होतात. मग खरी बीप वाजली तरी कोण ऐकतंय?

खरी बीप मी ऐकली ती उंब्रजच्या अलीकडं. कराडहून सासूबाईंना भेटून परत येत होतो. गळिताचा हंगाम, पहाटेचं धुकं. आरशामागं कॅमेरा आणि पुढच्या बंपरात रडार असतं, ते समोरच्याचं अंतर आणि आपण त्याच्याकडं किती वेगानं चाललोय ते सारखं मोजत असतं. अचानक पडद्यावर लाल खूण आणि कर्कश आवाज. मी ब्रेक दाबला तेव्हा मला नुसतं पांढरं धुकं दिसत होतं. मग त्यातनं उसाची ट्रॉली निघाली, डबल, मागं एक रिफ्लेक्टर नाही, बाजूनं ऊस लोंबतोय. तिथं बाई बोलत बसली असती तर वाक्य संपेपर्यंत आम्ही उसात. एवढ्या जवळच्या गोष्टीला बीपच हवी. (हीच बीप सिंहगड रोडवर प्रत्येक कट मारणाऱ्या स्कूटरला वाजते, आणि तिथं मी ती सरळ बंद करते.)

बोलणं हवं ते नजरेच्या पलीकडच्या गोष्टींसाठी. वळणापलीकडं, उताराखाली काय आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही, ते कुणीतरी आधी नकाशात भरून ठेवावं लागतं. २०२२ च्या जुलैत रस्ते मंत्रालय, आयआयटी मद्रास आणि मॅपमायइंडिया या नकाशे बनवणाऱ्या कंपनीनं मिळून अशी सोय केली. कंपनीचं मॅपल्स अ‍ॅप चालू असलं की अपघातप्रवण जागा, स्पीडब्रेकर, तीव्र वळण यांची आधीच सूचना मिळते. साताऱ्याकडनं येताना खंबाटकीचा जुना बोगदा संपला की लगेच एस आकाराचं वळण आहे. नवख्या माणसाला ते बोगद्याच्या आतच कळायला हवं, पाटी दिसेपर्यंत उशीर होतो.

पण पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यातनं बाहेर पडलं की माझं आणि त्या बाईचं जमत नाही. तिथनं नवले पुलापर्यंत सलग उतार. डिझेल वाचवायला ट्रकवाले गाडी न्यूट्रल करतात, मग सगळा भार ब्रेकवर, आणि ते तापून निकामी होतात. २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकनं इथं कितीतरी गाड्या ठोकल्या. आता बाई मला सांगणार, पुढं धोका आहे, सावकाश. अगं, मी सावकाशच आहे! धोका माझ्या मागनं येतोय, आणि त्याच्या केबिनमध्ये तू नाहीस. मोठ्या ट्रक-बसना धोक्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करायचा मसुदा केंद्रानं २०२५ मध्ये काढला, तो नव्या गाड्यांसाठी. उतारावर भेटतात ते बहुतेक जुनेच, 'हॉर्न ओके प्लीज' वाले. निदान बोगद्याच्या तोंडाशी मोठ्या भोंग्यावर, हिंदी-कन्नड-तमिळमध्ये, 'गाडी गिअरमध्ये ठेवा' एवढं तरी ओरडायला काय हरकत आहे?

तोवर मी स्वामिनारायण मंदिरापाशी सर्व्हिस रोड धरते. बाई हायवेवर परत चला म्हणून मागं लागते. लागू दे.