बेसबॉल-वाचन, सहावी नोंद : हॅमरचं पुस्तक आणि घरातली भांडणं

पाचव्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पुढचं पुस्तक पंधरा दिवसांत उरकतो. सात आठवडे लागले. दोष माझा नाही, सासूबाईंचा आहे.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. या वर्षी बेसबॉलवाल्यांचीच आत्मचरित्रं वाचायची आणि प्रत्येक पुस्तकातला एक सामना जुन्या नोंदींवरून हाताने स्कोअरशीटवर उतरवायचा, असा उद्योग मी मांडलाय. सॅचेल पेज झाला, टेड विल्यम्स झाला, जॅकी रॉबिन्सन झाला. या खेपेला हँक ॲरन ऊर्फ 'हॅमर', दिग्गज बेब रूथचा होमरनचा (चेंडू थेट कुंपणापलीकडे, आपल्या षटकारासारखा) विक्रम मोडणारा बॅटर. पुस्तक 'आय हॅड अ हॅमर', 1991 सालचं, सहलेखक लॉनी व्हीलर. राहतो अटलांटाच्या उत्तरेला, तेव्हा खरं तर सुरुवातच या पुस्तकाने व्हायला हवी होती. पण घराजवळचं देऊळ शेवटी बघायची आपली सवय.

पुस्तक आणून टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गायब. सापडलं सासूबाईंच्या खोलीत, चष्म्याच्या घराखाली. त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. गाडी चालवता येत नाही, म्हणजे इथे दिवसभर घरात कोंडलेली. म्हणाल्या, "जावईबापू, यातलं खेळाचं मला ओ की ठो कळत नाही, पण माणूस इंटरेस्टिंग आहे. माझं होऊ द्या, मग घ्या." झालं. मग पुस्तक घरभर फिरलं, शेजारी गेलं, ऑफिसातही जाऊन आलं. परत आलं तेव्हा कव्हरला आमटीचा डाग आणि चार वाचकांची चार तोंडं.

आधी मुलीचं मत, कारण ते सगळ्यात छोटं आहे. ती हायस्कुलात सॉफ्टबॉल खेळते. तिने पुस्तक अर्ध्यात सोडलं. तक्रार अशी की मधली दहा-पंधरा वर्षं पॅसेंजर गाडीसारखी जातात: सीझन आला, इतके होमरन, अमका पिचर (चेंडू टाकणारा), तमकी ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल), पुढचं स्टेशन. खोटं नाही. माझीही तिथे दोनदा डुलकी लागली. पण पोरीला जे हवं होतं, म्हणजे बॅट कशी फिरवायची ते, त्यात फारसं नाही म्हणून ती रुसली, हे मला पटत नाही. ॲरन मुळात बोलका माणूसच नव्हता. डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकावर, टोपी तोंडावर धरून, तिच्या छोट्या भोकातून फक्त पिचरकडे बघत बसणारा माणूस. असा माणूस आपली विद्या दोन पानांत काय सांगणार?

तंत्राचा एक तुकडा मात्र आमच्याकडे गाजला. मोबिल, अलाबामातला हा पोरगा, जन्म 5 फेब्रुवारी 1934. पैसे नाहीत, कुणी शिकवलेलं नाही. बाटल्यांची बुचं काठीने मारत वाढला. उजव्या हाताचा बॅटर, पण हात उलटे: डावा वर, उजवा खाली. 1952 मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघात गेला तेव्हाही तसाच मारत होता. सासूबाईंना हे समजेना. त्यांनी स्वयंपाकघरात लाटणं दोन्ही हातांनी धरून पाहिलं, हात बदलून पाहिलं, आणि म्हणाल्या, "अहो, असं मारलं तर मनगट मोडेल की." मी म्हटलं, नेमकं त्याच मनगटांबद्दल पुढे पिचर लोक चाळीस वर्षं बोलत राहिले.

दुसरे वाचक शेजारचे आजोबा. मूळचे मिल्वॉकीचे. 1957 मध्ये ते दहा वर्षांचे होते, यातच सगळं आलं. 23 सप्टेंबर 1957, सेंट लुईसविरुद्ध अकरावी इनिंग, ॲरनचा होमरन, त्याच्या मिल्वॉकी ब्रेव्ह्ज संघाने पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं आणि संघाने त्याला खांद्यावर उचलून नेलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजला सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका. आजोबांचं म्हणणं: पुस्तकात आनंद आहे तो एवढाच, मिल्वॉकीचा, बाकी सगळं ओझं. 1966 मध्ये संघ अटलांटाला हलवला ते प्रकरण त्यांनी वाचलंच नाही. "मला ठाऊक आहे पुढे काय होतं," म्हणाले. साठ वर्षं होत आली, अजून राग. मी अटलांटाकर, गप्प बसलो.

तिसरा ऑफिसातला मित्र, कट्टर यांकीजवाला. त्याने एका शब्दात निकाल लावला: कडवट. एवढा मान मिळाला, 1982 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या मानकऱ्यांचं दालन) जवळपास 98 टक्के मतं पडली, आणि हा माणूस अजून जुनं उगाळतोय. शेवटच्या भागात कृष्णवर्णीयांना मॅनेजर करत नाहीत, ऑफिसात घेत नाहीत, हे जे येतं ते त्याला भाषण वाटलं. त्याचं दुसरं म्हणणं विचार करण्यासारखं आहे: हा आवाज ॲरनचा किती आणि व्हीलरचा किती? प्रत्येक प्रकरणाआधी व्हीलरचा स्वतःचा मजकूर तिरक्या अक्षरांत येतो आणि मधे मधे जुने सहकारीही बोलतात. मला उलट ती रचनाच आवडली. ज्याने जे सांगितलं ते त्याच्या नावावर आहे. शब्दांकन करणारा स्वतःला गायब करतो आणि मग खेळाडू अचानक प्राध्यापकासारखा बोलायला लागतो, त्यापेक्षा हे सरळ.

कडवट या शब्दावरून मात्र आमचं वाजलं, आणि ते वाजवलं सासूबाईंनी.

पत्रांची पानं वाचून त्या दोन दिवस पुस्तकाला हात लावत नव्हत्या. 1973 साल. बेब रूथचा 714 होमरनचा विक्रम जवळ येतोय, ॲरनच्या नावे पोत्यांनी टपाल. त्या वर्षी सुमारे 9,30,000 पत्रं आली. पुष्कळ चांगली होती, लहान मुलांची होती. पण ढिगाने शिव्या आणि ठार मारायच्या धमक्या होत्या. गोऱ्या माणसाचा विक्रम काळ्याने मोडू नये, एवढंच म्हणणं. काही पुस्तकात जशीच्या तशी छापलीत. ॲरनची मुलगी कॉलेजात, तिला पळवायची धमकी, एफबीआय मागे, हा हॉटेलात दुसऱ्या नावाने उतरतोय, खोलीतच जेवतोय. सीझन संपला तेव्हा आकडा 713. म्हणजे अख्खा हिवाळा, एकाने कमी, वाट बघत. ॲरनने ती पत्रं फेकली नाहीत, जपून ठेवली.

मित्र जेवायला आला होता, पुन्हा कडवट म्हणाला. सासूबाईंनी पोळी त्याच्या ताटात ठेवली आणि विचारलं, "ताटलीचं प्रकरण वाचलंत का?"

ते प्रकरण असं. ॲरन अठरा वर्षांचा, क्लाउन्सबरोबर वॉशिंग्टनमध्ये. ग्रिफिथ स्टेडियममागच्या एका हॉटेलात संघ नाश्त्याला बसला. खाऊन झालं आणि आतून काचा फुटल्याचे आवाज यायला लागले. यांनी ज्या ताटल्यांत खाल्लं त्या फोडत होते. ॲरन म्हणतो, त्याच ताटल्यांत कुत्र्यांनी खाल्लं असतं तर धुऊन घेतल्या असत्या.

सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी गावातल्या हॉटेलाबाहेर वळचणीला वेगळ्या कपबश्या टांगलेल्या असायच्या. पिणाऱ्याने स्वतः विसळून परत ठेवायची. "आमच्याकडे फोडत नव्हते. तेवढा खर्च कोण करणार?" कुणी हसलं नाही. मला दलित फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू आठवला. पुण्यात चेंडू टाकायला हवाहवासा, 1911च्या इंग्लंड दौऱ्यावर 114 बळी. पण चहाच्या वेळेला हाच बाळू पॅव्हेलियनबाहेर, चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात.

मित्राने मत बदललं नाही, पण विषय बदलला.

माझं मत त्या जेवणानंतर पक्कं झालं. ॲरन कडवट नाही, हिशेबी आहे. वहीत जमा मांडतो तशीच येणंही मांडतो. 4 एप्रिल 1974, सिनसिनाटी, सीझनचा पहिला दिवस. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येला त्या दिवशी सहा वर्षं झाली होती. सामन्याआधी क्षणभर स्तब्धता पाळा, असं त्याने सुचवलं. यजमान सिनसिनाटीवाले नाही म्हणाले. मग मैदानात उतरून पहिल्याच स्विंगला 714, रूथशी बरोबरी. दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत, मग पहिली गाळून दुसरी कशी सांगायची?

आता स्कोअरशीट. सामना अर्थात 715व्या होमरनचा, विक्रम मोडला तो: 8 एप्रिल 1974, अटलांटा, लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध, प्रेक्षक 53,775. मुलगी मदतीला बसली, पुस्तक सोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून. (तिचा प्रश्न: स्विंग न करता तिसरा स्ट्राइक जाऊन बॅटर बाद झाला तर इथे बादची खूण 'के' उलटा काढतात, मग बाबा मराठीत लिहितो म्हणून 'क' उलटा काढणार का? काढून पाहिला. भयानक दिसतो.)

दुसरी इनिंग, ॲरन पहिल्यांदा बॅटिंगला. डॉजर्सचा पिचर अल डाउनिंगने वॉक दिला (चार 'बॉल', म्हणजे चुकीचे चेंडू, पडले की पहिला बेस फुकट), याने बॅट हलवलीच नाही. शीटवर प्रत्येक बॅटरच्या चौकटीत चार बेसचा हिरा असतो, बेस गाठेल तशी रेघ ओढायची; तेव्हा पेन्सिलीने एक रेघ, पहिल्या बेसपर्यंत. पुढे सहकारी डस्टी बेकरच्या फटक्यावर घरी, म्हणजे होम प्लेटवर, आला. ही धाव म्हणजे विली मेज या दिग्गजाचा नॅशनल लीगमधला (ब्रेव्ह्ज जिच्यात खेळतात ती लीग) धावांचा विक्रम मोडणारी. ती कुणाच्या लक्षात आहे? मी सुद्धा हिरा पूर्ण करून पुढे गेलो होतो, मुलीने थांबवलं.

चौथी इनिंग. डॉजर्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) बिल रसेलची चूक, ब्रेव्ह्जचा डॅरेल एव्हान्स पहिल्या बेसवर, चौकटीत 'ई-6' ('ई' म्हणजे चूक, 6 म्हणजे शॉर्टस्टॉप). ॲरनला पहिला चेंडू जमिनीवर, बॉल. दुसऱ्यावर त्या रात्रीचा पहिला स्विंग. डॉजर्सचा बिल बकनर डावीकडच्या कुंपणावर चढला, पण चेंडू पलीकडे ब्रेव्ह्जच्या बुलपेनमध्ये (राखीव पिचर थांबतात तिथे), त्यांच्याच टॉम हाउसच्या हातात. रात्रीचे 9 वाजून 7 मिनिटं. शीटवर काय? चार रेघा, हिरा भरून काळा. वर-खालच्या चौकटींएवढीच ही चौकट. मुलगी म्हणाली, लाल पेन आणू का? नको म्हटलं. स्कोअर 3-3, पुढे खेळायचं आहे.

होम प्लेटवर आई एस्टेलाने त्याला मारलेली मिठी तुम्ही चित्रफितीत पाहिली असेल. मी आजवर ती फक्त आनंदाची समजत होतो. पत्रांची पानं वाचून पुन्हा पाहा. माइकवर येऊन ॲरन देवाचे आभार मानतो, कशाबद्दल, तर हे एकदाचं संपल्याबद्दल.

भाच्याने पुण्याहून फोनवर एक गणित सांगितलं, ते इथे टाकतो: ॲरनच्या कारकिर्दीतल्या 3,771 हिट्समधून (बेस मिळवून देणारे फटके) 755 होमरन वजा केले तरी 3,016 उरतात, म्हणजे नुसता होमरनवाला नव्हे. आणि एका सीझनमध्ये पन्नास कधीच नाहीत, सर्वाधिक 47. भाच्याने पुस्तक वाचलेलं नाही, तरी मत दिलंच. ते धरलं तर मतं पाच.

सद्यस्थिती: शीट चौथ्या इनिंगपर्यंत झालीय. ब्रेव्ह्ज 7-4 ने जिंकले हे माहीत आहे, पण 715 नंतर त्या रात्री लोक उठून घरी जायला लागले आणि माझंही तसंच झालंय. येत्या रविवारी बसून पुरी करतो. पुढचं पुस्तक सादाहारू ओचं; जपानचा 868 होमरनवाला. 1974च्या नोव्हेंबरात टोकियोत या दोघांची होमरनची स्पर्धा झाली होती, ॲरनने 10-9 अशी घेतली, तेव्हा दुवा आपोआप जुळला.

आणि एक विनंती. बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल, 1923 मध्ये हिंदू संघाचा कप्तान झालेला, त्याने मराठीत आत्मचरित्र लिहिलं होतं: 'माझे क्रीडा जीवन', 1948. कुणाकडे प्रत असेल तर कळवा. सासूबाईंचं परतीचं तिकीट दोन महिन्यांनी आहे, त्या म्हणतात साताऱ्याच्या नगरवाचनालयात त्या स्वतः जाऊन बघतील. ॲरनही बरोबर नेणार आहेत, म्हणजे माझी प्रत गेलीच.