पहिल्या तारखेचा हिशेब : अमेरिकेतला दिव्यांग भत्ता

मार्च २०२६ मध्ये एसएसआय (सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम) हा अमेरिकेतला सरकारी भत्ता घेणाऱ्यांच्या खात्यात एक डॉलरही जमा होत नाही. हप्ता मात्र चुकलेला नसतो. १ मार्चला रविवार आहे, म्हणून मार्चचे पैसे शुक्रवारी, २७ फेब्रुवारीलाच येतात. पुढचा हप्ता थेट १ एप्रिलला. मधले तेहतीस दिवस त्याच रकमेवर काढायचे असतात. ज्याला हे ठाऊक नाही तो फेब्रुवारीअखेर आलेले पैसे जादाचे समजून खर्च करून बसतो आणि महिन्याच्या मध्याला त्याची ओढाताण सुरू होते.

‘तिकडे सरकार अपंगांचं सगळं बघतं’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. रक्कम येते हे खरं. पण ती टिकवायची तर तारखा, बँकेतली शिल्लक आणि नातेवाइकांची मदत या तिन्ही गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो. यातल्या बऱ्याच चुका भारतातल्या प्रेमळ माणसांकडून नकळत होतात, म्हणून हे मुद्दाम इथल्या वाचकांसाठी.

आधी दोन योजनांची गल्लत दूर करू. एसएसडीआय (सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स) हा विमा आहे. पगारातून सोशल सिक्युरिटी (सामाजिक सुरक्षा) कर भरलेल्या माणसाला आजारपणामुळे वा अपंगत्वामुळे काम करणं अशक्य झालं, तर त्याच्या कमाईच्या नोंदीनुसार रक्कम ठरते. वयाच्या एकतिशीनंतर साधारणपणे शेवटच्या दहा वर्षांत पाच वर्षांचं काम नोंदलेलं असावं लागतं. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे पुण्यात किंवा नाशिकमध्ये केलेली पंधरा वर्षांची नोकरी तिथे मोजलीच जात नाही. मंजुरी मिळाली तरी अपंगत्व सुरू झाल्यापासून पहिले पूर्ण पाच महिने पैसे नाहीत, आणि मेडिकेअर हा केंद्र सरकारचा आरोग्य विमा त्यापुढे आणखी २४ महिन्यांनी. घरात कुणाला असा आजार निघाला तर हे अडीच वर्षांचं अंतर कसं काढायचं याची जुळवाजुळव पहिल्या दिवसापासून करायला हवी.

एसएसआय ही गरजेवर आधारलेली मदत. २०२६ मध्ये केंद्र सरकारची कमाल रक्कम एका व्यक्तीला महिना ९९४ डॉलर, आणि नवरा-बायको दोघेही पात्र असतील तर मिळून १,४९१. काही राज्यं वरून थोडी भर घालतात. बहुतेक राज्यांत एसएसआयबरोबर मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमाही मिळतो, आणि खरं मोल त्याचंच आहे. एच-१बी या कामाच्या व्हिसावरच्या माणसाला एसएसआय नाही. ग्रीन कार्डवाल्याला साधारणपणे दहा वर्षांच्या कामाची नोंद आणि पाच वर्षांचा काळ पूर्ण करावा लागतो. अमेरिकेत जन्मलेलं मूल नागरिक असतं, पण ते अठरा वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांचा पगार आणि बचत जमेस धरली जाते, त्यामुळे दोघेही नोकरी करणाऱ्या घरात अर्ज बहुधा नामंजूर होतो. अठराव्या वाढदिवसानंतरच्या महिन्यापासून आईवडिलांची मिळकत बाजूला पडते. लहानपणी नकार मिळाला म्हणून पुन्हा अर्जच न करणारी कुटुंबं तिथे आहेत, आणि हे फार मोठं नुकसान आहे.

एसएसडीआयचे पैसे बहुतेकांना जन्मतारखेप्रमाणे येतात. १ ते १० तारखेला जन्मलेल्यांना महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, ११ ते २० वाल्यांना तिसऱ्या, बाकीच्यांना चौथ्या. एसएसआय एक तारखेला. ती शनिवारी, रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी आली की आदल्या कामाच्या दिवशी. २०२६ मध्ये मार्च, ऑगस्ट आणि नोव्हेंबर हे तीन महिने असे कोरडे आहेत.

आता त्यात पगार मिसळा. एसएसआय घेणारा अर्धवेळ काम करू शकतो. महिन्याच्या एकूण पगारातून पहिले ८५ डॉलर सोडले जातात, उरलेल्याच्या निम्मे भत्त्यातून वजा होतात. इथे एकूण पगार म्हणजे कर कापण्याआधीचा. हातात आलेला आकडा कळवला की पुढे वसुली लागते. शिवाय कपात दोन महिने मागून येते, म्हणजे मे महिन्याचा पगार जुलैच्या हप्त्यात दिसतो.

समजा एखाद्या मुलीला दर दुसऱ्या शुक्रवारी ३२० डॉलर पगार मिळतो. एरवी महिन्यात दोन पगार, म्हणजे ६४०. त्यातून ८५ गेले, राहिले ५५५, त्याचे निम्मे २७७ डॉलर ५० सेंट. भत्ता उरतो ७१६ डॉलर ५० सेंट. पण मे २०२६ मध्ये १, १५ आणि २९ असे तीन पगार पडतात. बेरीज ९६०, कपात ४३७ डॉलर ५० सेंट, आणि १ जुलैला हातात फक्त ५५६ डॉलर ५० सेंट. १ ऑगस्टला शनिवार असल्यामुळे ऑगस्टचा हप्ता ३१ जुलैलाच येतो आणि तो पुन्हा ७१६ डॉलर ५० सेंट. त्यानंतर १ सप्टेंबरपर्यंत काही नाही. म्हणजे जुलैमध्ये दोन ठेवी दिसतात, त्यातली पहिली १६० डॉलरने लंगडी आणि दुसरी मुळात ऑगस्टच्या भाड्याची. यावर उपाय एकच : तिसऱ्या पगारातले १६० डॉलर मे महिन्यातच बाजूला काढून त्यावर ‘जुलै’ लिहायचं. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन तीन पगारांचे महिने आणि कोरडे महिने दोन रंगांनी रंगवले की वर्षभराची निम्मी चिंता तिथेच मिटते. काम सुरू झालं की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत सोशल सिक्युरिटी ऑफिसला कळवावा लागतो.

एसएसडीआयमध्ये असं थोडंथोडं कापत नाहीत. काम करून पाहण्याची नऊ महिन्यांची चाचणी मुदत संपली की महिन्याची कमाई २०२६ च्या १,६९० डॉलरच्या रेषेच्या वर गेल्यास त्या महिन्याचा पूर्ण हप्ता जाऊ शकतो. अंध व्यक्तींसाठी ही रेषा २,८३० डॉलर आहे.

पण सर्वांत जास्त घरं अडखळतात ती २,००० डॉलरच्या मर्यादेवर. एसएसआय घेणाऱ्या एकट्या माणसाकडे महिन्याची एक तारीख उजाडताना एवढ्यापेक्षा जास्त मालमत्ता असता कामा नये. दांपत्याला ३,०००. हा आकडा १९८९ पासून तसाच आहे. सदतीस वर्षांत सगळ्याचे भाव कुठल्या कुठे गेले आणि अपंग माणसाने किती साठवायचं याची रेषा जागची हलली नाही, हे अन्यायाचं आहे असं स्पष्ट म्हणायला हवं. तरीही नियम पाळावाच लागतो. २,००१ डॉलर झाले की त्या महिन्याचा अख्खा हप्ता अपात्र ठरतो. वरचा एक डॉलर कापून भागत नाही.

राहतं घर आणि एक गाडी यात धरत नाहीत. अंत्यविधीसाठी वेगळे ठेवलेले १,५०० डॉलरपर्यंतही चालतात. मागची थकबाकी एकरकमी आली तर ती नऊ महिने मोजली जात नाही. आणि एक तारखेचा हप्ता आदल्या महिन्यात जमा झाला असेल, तर तोही एक तारखेच्या शिल्लकीतून वजा करायचा. म्हणून ३१ जुलैच्या रात्री खात्यात २,५०० दिसले आणि त्यातले ७१६ ऑगस्टचे असतील तर घाबरायचं कारण नाही. त्याचा कागद तेवढा जपून ठेवायचा. एरवी महिन्याच्या २५ तारखेला शिल्लक बघावी आणि ती सतराशेच्या वर असेल तर चष्मा, बूट, औषधं, पुढचं वीजबिल अशा गरजेच्या गोष्टी महिनाअखेरच्या आत उरकाव्यात.

साठवायचंच असेल तर ‘एबल’ खातं आहे. अपंगत्व ठरावीक वयाच्या आत सुरू झालेलं असेल तर ते उघडता येतं. ही अट पूर्वी २६ वर्षांची होती, १ जानेवारी २०२६ पासून ती ४६ केली आहे. या खात्यातले एक लाख डॉलरपर्यंत एसएसआयच्या हिशेबात धरत नाहीत, आणि काका-मावशीने त्यात थेट भरलेले पैसेही मुलाची मिळकत ठरत नाहीत. घरभाड्यासाठी काढलेले पैसे मात्र त्याच महिन्यात खर्च झाले पाहिजेत. खातेदाराच्या मृत्यूनंतर उरलेल्या रकमेवर राज्य मेडिकेडच्या खर्चापोटी दावा सांगू शकतं, हेही आधीच माहीत असावं.

आता भारतातल्या नातेवाइकांकडे वळू. मर्यादा फक्त अमेरिकेतल्या खात्यांना नाही, जगात कुठेही असलेल्या मालमत्तेला आहे. आजोबांनी नातवाच्या नावाने ठेवलेली एफडी, सात-बाऱ्यावर वारसाने चढलेलं नाव, आईने मुलीच्या नावे घेतलेला फ्लॅट, हे सगळं सांगावं लागतं आणि विकता येण्याजोगं असेल तर धरलं जातं. हक्क ज्याच्या नावावर आहे तोच मालक. नुसत्या नॉमिनीला मालक मानत नाहीत, त्यामुळे नॉमिनी म्हणून नाव असेल तर प्रश्न येत नाही. सामायिक घर विकल्याने त्यात राहणाऱ्या दुसऱ्या वाटेकऱ्याचा निवारा जाणार असेल तर सूट मिळू शकते, पण ते कागदांनी दाखवावं लागतं. म्हणून वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र करण्याआधी अमेरिकेतल्या घराला विचारा. या मुलांसाठी ‘स्पेशल नीड्स ट्रस्ट’ असतो, म्हणजे मुलाच्या नावावर न करता त्याच्यासाठी मालमत्ता सांभाळणारा न्यास. त्याची कागदपत्रं तिथल्या जाणकार वकिलाकडूनच करून घ्यावीत. आणि प्रेमापोटी मुलाच्या नावावर काही करू नका.

मदत कशी करायची यालाही रीत आहे. दुसरी मिळकत नसलेल्या माणसाच्या हातात १०० डॉलर दिले तर पहिले २० सोडून ८० भत्त्यातून कापले जातात. तेच १०० डॉलर त्याच्या फोनच्या किंवा इंटरनेटच्या कंपनीला परस्पर भरले तर काहीच कापत नाहीत. घरी नेऊन दिलेलं जेवण, भरून दिलेला किराणा हे ३० सप्टेंबर २०२४ पासून मोजत नाहीत. घरभाडं, गृहकर्जाचा हप्ता, मालमत्ता कर, वीज, गॅस, पाणी, कचरा हे निवाऱ्यात येतं आणि ते दुसऱ्याने भरलं की कपात होते. पण ती सुमारे ३३१ डॉलरवर थांबते. पाचशे रोख दिले तर ४८० जातात, पाचशेचं भाडं घरमालकाला भरलं तर ३३१.

अठरा वर्षांवरचं मूल आईवडिलांकडेच राहत असेल तर निवाऱ्याचा एकूण खर्च घरातल्या माणसांत समान वाटून मुलाचा वाटा काढायचा. खर्च २,४०० आणि माणसं चार, तर ६०० डॉलर. मुलाच्या भत्त्यातून दरमहा हे ६०० चेकने आईवडिलांना दिले आणि तशी नोंद ठेवली की ही कपात लागत नाही. ‘पोटच्या पोराकडून भाडं घ्यायचं?’ म्हणून आपली माणसं इथे अडतात आणि वर्षाला जवळजवळ चार हजार डॉलर सोडून देतात. ते पैसे मुलाच्याच छपरासाठी असतात, यात लाजण्यासारखं काही नाही.

जादा रक्कम दिली गेल्याचं पत्र आलं तर पाकीट फेकू नका. पत्र तारखेनंतर पाच दिवसांनी मिळालं असं धरतात. त्यापुढे ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. एसएसआय कमी किंवा बंद होणार असेल तर दहा दिवसांत अर्ज केल्यास निकालापर्यंत जुनी रक्कम चालू ठेवता येते. चूक आपली नसेल आणि परतफेड झेपत नसेल तर माफीचा वेगळा अर्ज आहे, क्रमांक एसएसए-६३२. एसएसआयमधली वसुली सहसा दरमहा दहा टक्क्यांनी होते आणि ती आणखी कमी करून मागता येते.

शेवटी गणपतीला किंवा लग्नाला गावी येण्याबद्दल. एसएसआय घेणारा सलग ३० दिवस अमेरिकेबाहेर राहिला की भत्ता थांबतो, आणि परतल्यावर सलग ३० दिवस तिथे राहिल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस बाहेरचा धरत नाहीत. एखादा पूर्ण कॅलेंडर महिना बाहेर गेला तर तो महिनाही जातो, मग तो अठ्ठावीस दिवसांचा फेब्रुवारी का असेना. तेव्हा ‘आलाच आहेस तर आणखी आठवडाभर राहा’ असा आग्रह करण्याआधी परतीच्या तिकिटाची तारीख विचारा. प्रवासाची तारीख निघण्यापूर्वी सोशल सिक्युरिटी ऑफिसला कळवावी आणि बोर्डिंग पास व पासपोर्टवरचे शिक्के यांच्या प्रती परत आल्यावर त्याच फाइलला लावाव्यात.