स्विच २ घरी आला त्या आठवड्यात

निशी-कासाई, तोक्यो. रविवार, १५ जून २०२५.

निन्टेन्डोचा स्विच २ हा नवा गेम कन्सोल घरी येऊन आज आठ दिवस झाले. एवढ्या दिवसांत तो माझ्या एकटीच्या हाती आज रात्रीच आला, कारण लेक झोपली आहे. तासभर खेळले आणि बंद केला, पण त्याच्या किमतीचा विचार डोक्यातून जात नाही, म्हणून वही उघडली.

कन्सोल मिळाला तो सोडतीतून. निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या सोडतीत भाग घ्यायचा तर जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळलेले असणे आणि ऑनलाइन सभासदत्व एकूण वर्षभराचे झालेले असणे अशा अटी होत्या. तरीही जपानमधून सुमारे २२ लाख अर्ज गेले आणि आमचा नंबर लागला नाही. पुढे एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानाच्या सोडतीत लागला. ५ जूनला विक्री सुरू झाली आणि पहिल्या चारच दिवसांत जगभरात ३५ लाखांहून अधिक कन्सोल विकले गेले, हे वाचल्यावर आपल्या नशिबाचे कौतुक वाटले.

हातात घेतल्यावर आधी जाणवतो तो आकार. जुन्या स्विचचा पडदा ६.२ इंचांचा होता, हा ७.९ इंचांचा आहे. दोन्ही बाजूंची जॉय-कॉन, म्हणजे बटणांची सुटी हँडल, आता खाचेत सरकवावी लागत नाहीत. ती चुंबकाने बसतात. जरा जवळ नेली की हातातून ओढल्यासारखी जातात आणि ‘टक्’ असा घट्ट आवाज होतो. पहिल्या दिवशी गेम सुरू करण्याआधी लेकीने ती वीसेक वेळा काढली आणि बसवली. वजन जॉय-कॉनसह ५३४ ग्रॅम आहे आणि नऊ वर्षांच्या मनगटाला ते जाणवते, त्यामुळे ती मांडीवर उशी घेऊन तिच्यावर कोपरे टेकवते. मारिओ कार्ट वर्ल्डच्या शर्यतीत आता १२ऐवजी २४ गाड्या धावतात, पण आमच्याकडे शर्यती कमीच होतात. सगळे रस्ते एकमेकांना जोडलेले असल्यामुळे लेक वाट सोडून कुठेतरी टेकडीवर गाडी चढवते आणि वरून समुद्र बघत बसते. हा गेम करणाऱ्यांनी पोरांना भटकायला मोकळीक दिली, याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

आता किंमत. जपानमध्ये हा कन्सोल दोन दरांत मिळतो. ज्यात फक्त जपानी भाषा आहे आणि ज्याला फक्त जपानमधले खाते जोडता येते तो ४९,९८० येनला, आणि सर्व भाषांचा ६९,९८० येनला. भाषेपायी २०,००० येनचा फरक! रुपयांत धरला तर साधारण बारा हजार होतो. येन इतका घसरलेला असताना इथल्या मुलांना परवडेल असा दर ठेवायचा, आणि तोच स्वस्त माल पेट्या भरून परदेशी विकला जाऊ नये म्हणून त्याला भाषेचे कुलूप लावायचे, असा हा हिशेब मला दिसतो. आम्ही स्वस्तातला घेतला. इथल्या सरकारी शाळेत जाणाऱ्या लेकीला जपानी वाचताना अडत नाही. अडते ते मला. पहिल्यांदा चालू केल्यावर पडद्यावर आलेल्या सूचनेतली चार अक्षरे मी लावत बसले होते, तेवढ्यात ती म्हणाली, “आई, होन्ताई कोशिन म्हणजे मशीन अपडेट करायचंय. दाब ना ते.” मग माझ्या बोटाला धरून तिने ते बटण दाबवले. इथे कन्सोलला ‘होन्ताई’ म्हणतात, म्हणजे मूळ अंग. बाकी सगळे त्याला जोडायचे. हा शब्द मला फार आवडला.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने तिकडे गेमसह कन्सोल ४९९.९९ डॉलरला घेतला, वर विक्रीकर वेगळा. अमेरिकेत आयातशुल्काच्या गोंधळामुळे एप्रिलमध्ये आगाऊ नोंदणीच पंधरा दिवस पुढे गेली होती आणि त्या काळात किंमत आणखी वाढणार या धास्तीने तो मला रोज फोन करत असे. आमचा गेमसह कन्सोल ५३,९८० येनचा, म्हणजे आजच्या भावाने पावणेचारशे डॉलरच्या आसपास. ते ऐकून तो म्हणाला, “ताई, जपानी शिकायला तू जे कष्ट घेतलेस, त्याची ही भरपाई समज.” याच्या उलट पुण्याचा पुतण्या. “काकू, दिवाळीला येताना माझ्यासाठी तिकडचा स्वस्तातला आण ना,” असा त्याचा निरोप आला. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकतच नाही, त्यामुळे तिथल्या मुलांना बाहेरून आणलेल्या मालावर आणि दुकानदार सांगेल त्या भावावर अवलंबून राहावे लागते. त्याला मी समजावून सांगितले की हा स्वस्तातला कन्सोल पुण्यात उघडला तरी जपानीतच बोलेल आणि त्याचे भारतातले खाते त्याला जोडता येणार नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाईट वाटले आणि अजून वाटते आहे.

कन्सोलच्या दराबद्दल माझी तक्रार नाही. मन अडते ते गेमच्या दरापाशी. जुन्या स्विचचा मारिओ कार्ट आम्ही ६,५७८ येनला घेतला होता. नव्याचे कार्ड, म्हणजे कन्सोलमध्ये घालायची गेमची चकती, ९,९८० येनला आहे आणि डाउनलोड करून घेतला तर ८,९८०. कन्सोलसोबत घेतला तर त्याच गेमचे जेमतेम ४,००० येन पडतात, पण तो डाउनलोडचा असतो. आम्ही तोच घेतला, आणि पैसे वाचले तरी मिळालेली वस्तू वेगळी आहे हे आता लक्षात येते. बोटाच्या पेराएवढे ते कार्ड लेकीच्या मैत्रिणीला महिनाभर वापरायला देता येते आणि कंटाळा आला तर जुन्या गेमच्या दुकानात विकून निम्मे-अर्धे पैसे परत मिळतात. डाउनलोड केलेला गेम दोन आठवड्यांसाठी उसना देण्याची सोय आता झाली आहे, पण ती आपल्या कुटुंब-गटातल्या माणसापुरतीच. शेजारच्या इमारतीतली मैत्रीण त्या गटात येत नाही.

हे मला इतके का लागते, तर सांगलीत आम्ही दोघे भावंडे ज्या टीव्ही गेमवर वाढलो, तिथे एकाही कॅसेटवर आमची मालकी नव्हती. गल्लीच्या टोकाच्या दुकानातून ती दिवसाच्या भाड्याने आणायची, संध्याकाळपर्यंत चार घरांत फिरवायची, चालली नाही तर खालच्या पट्टीवर फुंकर मारायची आणि दिवेलागणीला परत करायची. आमचे ते यंत्र म्हणजे १९८३ साली १४,८०० येनला निघालेल्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्याच कन्सोलची नक्कल होती, हे मला इथे आल्यावर कळले. पडद्यावर येणारी अक्षरे जपानी होती हेही तेव्हा माहीत नव्हते; उड्या मारायला ती वाचावी लागत नसत. चार घरांच्या वर्गणीतून आलेल्या त्या एका कॅसेटवर दहा मुले खेळत असत आणि ज्याच्या घरी परवडत नसे त्यालाही पाळी मिळे.

त्यामुळे नव्या की-कार्डांचे मला मुळीच पटलेले नाही. दुकानात डबी मिळते, डबीत कार्डही असते, पण त्या कार्डात गेम नसतो. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, कन्सोलमधल्या २५६ जीबीच्या जागेतला मोठा तुकडा त्याला द्यायचा आणि तरीही खेळताना कार्ड घालून ठेवायचे. असे कार्ड दुसऱ्याला देता वा विकता येते, हे खरे. पण उतरवून देणारी व्यवस्था ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवसानंतर नव्या माणसाच्या हाती ते गेल्यास त्याला काय मिळणार? स्ट्रीट फायटर ६ हा गेम असा आहे. सायबरपंक २०७७ इतका प्रचंड असूनही त्याच्या निर्मात्यांनी तो ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण भरून दिला, म्हणजे मनात आणले तर जमते. जास्त साठवणीचे कार्ड महाग पडते हे समजते, पण तो खर्च वाचवल्यावर डबीचा दर तरी खाली यायला हवा होता.

डाँकी काँग बनान्झा हा निन्टेन्डोचा पुढचा गेम १७ जुलैला येतो आहे. डाउनलोड ७,९८० येन, कार्ड ८,९८० येन. नुकतीच कार्डाची नोंदणी केली, जास्तीचे १,००० येन देऊन. उन्हाळी सुट्टी संपेपर्यंत तो आमच्याकडे राहील आणि सप्टेंबरमध्ये मैत्रिणीकडे जाईल, असे दोघींचे काल जिन्यातच ठरले आहे. तिच्याकडून बदल्यात काय येणार, यावर मात्र अजून वाद चालू आहे.